उशाशी बसलेल्या माणसासाठीही गाणं हवं

मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं 'लिव्हिंग विल' नोंदवलं. गोव्यात असं इच्छापत्र नोंदवणारे ते पहिले. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला होता आणि २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया बरीच सोपी केली. त्यानंतर आपल्या छोट्या राज्यात ही गोष्ट प्रत्यक्षात उतरू लागली, याचा मला गोवेकर म्हणून अभिमान वाटतो. कृत्रिम श्वास नको, नळ्या नकोत, मला घरी न्या, असं माणूस आता शुद्धीत असतानाच लिहून ठेवू शकतो. पण घरी नेल्यावर त्याचं करणार कोण आणि त्या करणाऱ्या माणसाचं काय होतं, याबद्दल त्या कागदात काही नसतं. आपल्या सार्वजनिक चर्चेतही ते क्वचितच येतं.

मी या लेखात एकच मागणी करणार आहे. गोव्यात घरपोच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा, जिथं जिथं उभी राहील, तिथं तिच्यात संगीतोपचाराला जागा असावी, आणि ती केवळ पेशंटसाठी नको, त्याच्या उशाशी बसणाऱ्या घरच्या माणसासाठीही हवी. ही चैनीची मागणी आहे असं पहिल्यांदा ऐकताना वाटेल. मला ती तशी वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगायचा प्रयत्न करतो.

आधी हे माणूस कोण ते पाहू. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या साठीपुढच्या लोकांचं प्रमाण सुमारे अकरा टक्के होतं, देशाचं साडेआठच्या आसपास. म्हणजे आपण देशापेक्षा आधी म्हातारे होत आहोत. त्याच वेळी तरुण मुलगा बोटीवर नोकरीला, मुलगी बंगळुरूला, धाकटा लंडनजवळ कुठंतरी. घरात उरते ती एक सून, नाहीतर लग्न न झालेली मुलगी, नाहीतर सत्तरीची बायको. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखम होत नाही ना पाहायचं, नळीतून पातळ पेज द्यायची, डायपर बदलायचा, औषधांच्या वेळा पाळायच्या आणि रात्री श्वासाचा आवाज बदलला की दचकून उठायचं. हे आठवडाभर कोणीही करेल. महिनोन् महिने करणाऱ्याला मात्र एक विचित्र एकटेपण येतं. घरात माणसं येत-जात असतात, सगळी पेशंटची विचारपूस करतात, आणि जाताना तिला सांगून जातात, "तू आहेस म्हणून बरं."

या 'तू आहेस म्हणून'ची किंमत मोजली गेली आहे. १९९९ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात शुल्झ आणि बीच या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजारी जोडीदाराचं करणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांवर त्यांनी चार वर्षं लक्ष ठेवलं. अशी जबाबदारी नसलेल्या वृद्धांच्या तुलनेत त्यांना मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. जोडीदाराचं करत असूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात हा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे करण्यानं माणूस खचतोच असं नाही. कोणाच्या आधाराविना, दम न घेता करण्यानं तो खचतो, असा अर्थ मी यातून काढतो. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ साली पॅलिएटिव्ह केअरची जी व्याख्या केली, तिच्यात रुग्णाच्या बरोबरीनं कुटुंबाच्या जीवनमानाचाही उल्लेख आहे. तेव्हा घरच्या माणसाची काळजी घेणं हा उपकार नाही, ते या सेवेचंच काम आहे.

आता संगीताकडे. संगीतोपचार म्हटलं की आपल्याकडे लगेच अमुक रागानं रक्तदाब उतरतो, तमुक रागानं मधुमेह आटोक्यात येतो, अशी यादी पुढं येते. या यादीशी मला काही देणंघेणं नाही, आणि मरणाच्या दारातल्या घरात ती कोणी घेऊन जाऊ नये असं मी कळकळीनं सांगेन. आशेला लागलेल्या माणसाला खोटी आशा विकण्यासारखं पाप नाही.

मी म्हणतो तो संगीतोपचार वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत वादक-गायक जाऊ लागले, त्यातून शिकून तयार झालेल्या माणसांचा एक व्यवसाय उभा राहिला. माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात बाल्फोर माउंट या डॉक्टरांनी १९७५ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचा विभाग सुरू केला आणि १९७८ मध्ये सुझन मन्रो यांच्याबरोबर तिथल्या संगीतोपचाराच्या अनुभवावर लेख लिहिला. पुढं न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात अनेक वर्षं काम केलेल्या लुकान मॅगिल यांनी एक वेगळाच प्रश्न विचारला. पेशंट गेल्यानंतर त्यांनी घरच्यांना गाठून विचारलं, की ते असताना जे गाणं-वाजवणं झालं, त्यानं तुम्हाला काय दिलं? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घरच्यांनी आनंदाबद्दल सांगितलं. आपल्या माणसाचा चेहरा खुललेला पाहिला त्याचा आनंद, त्याच्यासाठी आपल्याला काहीतरी करता आलं याचा आनंद, पुन्हा एकमेकांच्या जवळ आल्याचा आनंद. शेवटच्या दिवसांच्या आठवणींत औषधाच्या वासाखेरीज आणखीही काही उरलं होतं.

पुरावा मोठा आहे असा दावा मी करणार नाही. अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीच्या संगीतोपचारावर कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २०१० मध्ये आला, तेव्हा निकषात बसणारे अभ्यास पाचच सापडले, त्यातली माणसं १७५. जीवनमानाला फायदा होत असावा, पण खात्रीनं सांगण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा सूर होता. कॅन्सरच्या एकूण रुग्णांवरचा पुढचा आढावा बराच मोठा आहे आणि भीती, वेदना, थकवा यांवर संगीताचा उपयोग होतो असं तो सांगतो. घरच्यांवरचे अभ्यास अजून थोडे आहेत. मग एवढ्यावर सरकारनं पैसा का घालावा? कारण जे मागतो आहे त्याचा खर्च किरकोळ आहे, नीट केलं तर अपाय नाही, आणि त्या घरांना आज दुसरं काहीच मिळत नाही.

शिकलेला संगीतोपचारक नेमकं करतो काय, हेही समजून घ्यायला हवं. पहिलं, तो गाऊन-गुणगुणून घेतो, कारण घाबरलेल्या माणसाचा श्वास आखूड होतो. गाताना, नुसतं गुणगुणतानाही, श्वास सोडायला वेळ लागतो, छाती सैल होते. दुसरं, तो आनंदी गाणं लावून कोणाला आनंदी करू पाहत नाही. समोरचा ज्या मनःस्थितीत आहे तिथूनच सुरुवात करायची, तिची लय, तिची पट्टी धरायची आणि मग हळूहळू सरकायचं, हे त्या विद्येतलं एक मूळ सूत्र आहे. तिसरं, तो घरच्या माणसाला विचारतो की तुमचं गाणं कुठलं. पेशंटचं नव्हे, तुमचं. महिनोन् महिन्यांत तिला असं कोणी विचारलेलं नसतं.

आणखी एक प्रश्न प्रत्येक घरात असतो. डोळे मिटले, हाक मारली तर ओ नाही. मग बोलून, गाऊन काय उपयोग? व्हँकुव्हरमधल्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अखेरच्या तासांतल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख घेतले. २०२० मध्ये आलेल्या त्या अभ्यासात काहींचे मेंदू सुरांतल्या बदलाची नोंद घेत होते असं दिसलं. त्यांना अर्थ कळत होता का, हे त्यावरून सांगता येत नाही. पण उशाशी बसलेल्या मुलीला "ऐकू जात असेल, बोल तू" एवढं प्रामाणिकपणे सांगता येतं, आणि तेवढ्यानंही तिचं तिथं बसणं बदलतं.

मी फोंडा तालुक्यातला, आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस. शेजारच्या वाड्यातल्या एका घरी बाप अन्ननलिकेच्या कॅन्सरनं खाटेला खिळला होता आणि थोरली मुलगी नोकरीवर पाणी सोडून त्याचं करत होती. एके दिवशी तिचा फोन आला. "काका, पेटी घेऊन याल? पण भजन नको. बाबांना लगेच कळेल."

तिचं म्हणणं मला पटलं. आमच्या भागात आजाऱ्याच्या घरी भजनाचे टाळ ऐकू आले की शेजारीपाजारी समजून जातात, आणि आजारीही समजतो. मग काय वाजवायचं? तिचा बाप देवळाच्या जत्रेतल्या संगीत नाटकांत कामं करायचा. तालमी त्यांच्याच पडवीत व्हायच्या आणि ही पोर सतरंजीच्या कोपऱ्यात बसून सगळी पदं पाठ करायची. त्यातलं एक पद तिनं धरलं. पांढरी चारची पट्टी तिला चढी जात होती, म्हणून मी काळी एक धरली. अंतऱ्यावर ती अडखळली. बापाचा आवाज कधीच गेला होता, पण त्यानं मान जोरात हलवली, नाही नाही, असं नाही. ती हसायलाच लागली. "बाबा इथं नेहमी घाई करायचे, तबलजी वैतागायचा," असं मला सांगताना ती नर्स राहिली नव्हती, नोकरी सोडून आलेली थोरली राहिली नव्हती. तालमीतल्या पोरीसारखी बापाची चूक काढत होती. आणि बाप चूक कबूल करायला तयार नव्हता.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "काका, अजून जरा वाजवत बसाल? मी डोक्यावरून न्हाऊन येते." मी वाजवत बसलो. ती न्हाली, केसांना पंचा गुंडाळून आली, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या गरम पेज प्यायली. कोणाचं तरी लक्ष आहे आणि घरात सूर चालू आहेत, एवढ्या भरवशावर तिला ते करता आलं. हे पाहिल्यापासून मी ठाम आहे, की या कामात सूर आणि सुट्टी या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. जो गाणं घेऊन जाईल त्यानं तिला तासभर मोकळंही करायला हवं.

त्याच दिवशी निघताना दारापाशी तिनं मला विचारलं, "कधी कधी वाटतं, बाबा सुटले तर बरं. असं वाटणं पाप आहे का हो?" मी पेटीवाला. मायेनं दोन शब्द बोललो, पण त्या प्रश्नाला जे उत्तर हवं होतं, जे पुढं आठवडाभर धरून ठेवायला हवं होतं, ते माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणूनच नुसता गाणारा पुरत नाही. गाण्यानं माणूस उघडतो, आणि उघडलेल्या माणसासमोर काय करायचं याचं शिक्षण लागतं. कधी थांबायचं, रडू आलं तर वाजवत राहायचं की हात काढायचा, ऐकलेलं गावात बोलायचं नाही, औषधाबद्दल तोंड घालायचं नाही, समुपदेशकाला केव्हा कळवायचं. मैफल भैरवीनं संपवायची आपली सवय तिथं न्यायची की नाही, हेसुद्धा. कारण भैरवी म्हणजे शेवट, हे आपल्या ऐकणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न गोव्याला पडू नये. गावोगावी भजनी मंडळं आहेत, बायकांची वेगळी, मुलांची वेगळी. धालो या बायकांच्या लोकनृत्याच्या मांडावर आणि चवथीच्या फुगड्यांत आयुष्यभर गायलेल्या बाया आहेत, आणि गंमत अशी की आजाऱ्याचं करायला घरात अडकून पडते ती बहुतेकदा त्यांच्यापैकीच एखादी. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे चर्चचे गायकवृंद आहेत, घरोघरी लादाईन ही सामूहिक प्रार्थना म्हणणारी माणसं आहेत. पणजीत कला अकादमी आहे, आल्तिन्याला गोवा संगीत महाविद्यालय आहे, बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज आहे. लोटलीला शांती अवेदना सदनासारखं हॉस्पिस कैक वर्षं अखेरच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांची सेवा करत आहे. यांना एका धाग्यात ओवणारं कोणी नाही, एवढंच.

वास्कोच्या दामोदर सप्ताहाकडे या दृष्टीनं एकदा पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या रोगानं गाव हैराण झालं तेव्हा तो सुरू झाला असं सांगतात. चोवीस तास भजन अखंड चालतं, आणि ते अखंड राहतं कारण कोणी एकटा अखंड गात नाही. एका पथकाचा घसा बसायच्या आत दुसरं पथक उभं राहतं. पाळी लावायची ही रीत आपल्याला देवळात पक्की ठाऊक आहे. आजाऱ्याच्या घरी मात्र आपण एकाच बाईला सगळे प्रहर एकटीनं गायला लावतो.

केरळनं हे गाणं सोडून बाकी सगळं करून दाखवलं आहे. कालिकतला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांची जाळी उभी राहिली आणि २००८ मध्ये राज्य सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं धोरणच केलं. तिथले स्वयंसेवक कोणी मोठे तज्ज्ञ नव्हेत. पण त्यांना शिकवलं जातं, मागं नर्स आणि डॉक्टर असतात, आणि आठवड्याच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. माझ्या डोळ्यांसमोर तसंच काहीतरी आहे. गोमेकॉत आणि म्हापसा, मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत एकेक पूर्णवेळ, रीतसर शिकलेला संगीतोपचारक. संगीत महाविद्यालय आणि गोमेकॉ मिळून चालवतील असा छोटा प्रशिक्षणवर्ग, ज्यात निम्मा वेळ वॉर्डात आणि घरांत जाईल. त्यातून निघालेले तालुक्यातले गाणारे-वाजवणारे नर्सबरोबर घरी जातील, एकटे नाही. आणि हे फुकट करून घेऊ नये. वृद्ध कलाकारांना मासिक साहाय्य देणारी 'कला सन्मान' योजना आपल्याकडे आहेच. कलाकाराला मान द्यायची सवय असलेल्या सरकारला त्याच्या कामाचं मानधन द्यायला जड जाऊ नये.

कोणी म्हणेल, आधी तीव्र वेदनेवरचं मॉर्फिन तरी नीट मिळू द्या. बरोबर आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिनची वाट मोकळी झाली, तरी ते लिहून देणारा डॉक्टर आणि ठेवणारी फार्मसी जवळ असतेच असं नाही. माणूस वेदनेनं विव्हळत असताना पेटी उघडणं क्रूरपणा होईल. वेदना आधी, घरच्या माणसाची झोप तिच्याबरोबर, गाणं त्यानंतर, हा क्रम मला मान्य आहे. पण 'नंतर' म्हणजे पुढच्या अर्थसंकल्पात नव्हे. ज्या घरी वेदना आटोक्यात आली आहे, त्या घरी पुढच्याच आठवड्यात.

मोबाइलवर हवी ती गाणी असताना माणूस कशाला, असंही विचारतात. मोबाइल ती अडखळली की थांबत नाही. तिला चढी जाणारी पट्टी खाली आणत नाही. आणि ती न्हायला गेली तर उशाशी बसत नाही.

'लोक काय म्हणतील' हा अडथळा मात्र खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. घरात माणूस जायला टेकलंय आणि यांना गाणी सुचतात, हे वाक्य आपल्याकडे सहज बोललं जातं, आणि ते ऐकावं लागतं ते सुनेला, मुलीला. गेल्यानंतर बारा-तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, काही घरी भजनं होतात, तेव्हा कोणाची हरकत नसते. हा आडपडदा मोडायला सरकारी परिपत्रक उपयोगाचं नाही. पण नर्सबरोबर, आरोग्य केंद्राचं ओळखपत्र गळ्यात घालून एखादा पेटीवाला घरात शिरला, तर शेजाऱ्यांच्या लेखी तो उपचार ठरतो आणि त्या बाईवरचं बोट खाली येतं. संगीताला 'उपचार' म्हणण्याचा मला दिसणारा सगळ्यात व्यवहारी फायदा हाच आहे.

तेराव्यानंतर घर एकदम रिकामं होतं. भाऊ परत बोटीवर, बहीण बंगळुरूला. तिची झोप अजून दर दोन तासांनी मोडत असते. ज्यानं आधी येऊन पेटी वाजवली, त्यानं या काळात एक-दोनदा तरी पुन्हा जावं, हेही त्याच्या कामात धरलेलं असावं. शक्य असेल आणि घरच्यांची, पेशंटची संमती असेल तिथं आधीच आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा. गाणंच हवं असं नाही, तालमीतली बडबडही चालेल.

सुरुवात करायला अर्थसंकल्पाचीही वाट पाहायला नको. बरा न होणारा पेशंट वॉर्डातून घरी पाठवताना जो डिस्चार्जचा कागद देतात, त्यावर औषधांच्या खाली तीन ओळी वाढवाव्यात. घरी यांचं कोण करतं. त्या माणसाला सलग किती तास झोप मिळते. त्याला कोणतं गाणं येतं. आणि हा कागद तालुक्याच्या आरोग्य केंद्रात पोचला की तिसऱ्या ओळीचं काय करायचं हे ठाऊक असलेलं एक माणूस तिथं नेमलेलं असावं.